तोंडओळख

कॅमेरा : वरून

"अजून गरगरतोय," ती म्हणाली.

"गरगरू दे," सर म्हणाले. "कोवळा आहे."

पडद्यावर एक चंद्र होता. कुठल्याच आकाशात नसलेला, नुसत्या आकड्यांचा. एका ग्रहाभोवती तो फिरत होता आणि फिरता फिरता स्वतःभोवतीही गिरक्या घेत होता. गुळगुळीत गोळा फिरतोय की थांबलाय हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून तिने त्याच्या गालावर एक लाल ठिपका ठेवला होता. सगळे त्याला तीळ म्हणत. पडद्यावरचं दृश्य ग्रहावरून पाहिल्यासारखं होतं. तीळ समोर यायचा, कडेला सरकायचा, दिसेनासा व्हायचा आणि दुसऱ्या कडेने परत यायचा.

"समीकरणं सरांची, चुका धूमकेतूच्या आणि चालवणं माझं," अशी ती आपल्या कामाची ओळख करून द्यायची. धूमकेतू म्हणजे सरांची संशोधक विद्यार्थिनी. लांब मोकळे केस, आणि एकदा दिसली की पुन्हा कधी दिसेल याचा नेम नाही. बाकी थंड खोलीत घुमणारं यंत्र, त्याच्यावर ओळीने लावलेली कामं, मधेच मरणारी, पुन्हा सुरू करावी लागणारी, हे सगळं तिचं.

फाईलमध्ये एक आकडा होता. पुस्तकात त्याला नुसतं एक अक्षर होतं, इथे त्याला ताठा म्हणत. ग्रह चंद्राला ओढतो. जवळच्या बाजूला जास्त, लांबच्या बाजूला कमी. त्या ओढाताणीत चंद्र किंचित लांबतो, जवळच्या आणि लांबच्या अशा दोन्ही बाजूंना त्याला फुगवटा येतो. पण गिरकी जोरात असल्यामुळे जवळचा फुगवटा ग्रहाच्या समोर थांबत नाही, पुढे निघून जातो. ग्रह त्याला मागे खेचतो. तो पुन्हा पुढे जातो, हा पुन्हा खेचतो. आत खडकावर खडक घासतो, तापतो, आणि गिरकी कणाकणाने मंदावते. चंद्र या ओढीपुढे किती नमत नाही, तो त्याचा ताठा. ताठा पुरा असेल तर चंद्र जन्मभर गरगरत राहतो. थोडा जरी कमी असेल, तर कधीतरी त्याला कुलूप लागतं. मग तो ग्रहाकडे एकच बाजू करून राहतो. कायमची.

"ताठा जरा उतरवा," सर म्हणाले. "नाहीतर तुम्ही-आम्ही निवृत्त होऊ आणि हा गरगरतच राहील."

"ताठा उतरवण्यात माझा हात कोण धरणार," ती म्हणाली. "घरी दोन ताठ माणसं आहेत."

या सगळ्या कामाला सरांनी नाव दिलं होतं, तोंडओळख. "एवढ्या वर्षांचा शेजार," ते नव्या लोकांना सांगायचे, "आणि ओळख कसली? तर तोंडओळख. पाठ कशी आहे, पत्ता नाही."


कॅमेरा : स्वयंपाकघराच्या दारातून

"अंडं नाही वाढलंस?"

"वाढलंय."

"कुठंय?"

"बशीत."

नवऱ्याने बशीकडे नीट पाहिलं. बशीच्या उजव्या अर्ध्यातला पाव त्याने खाल्ला होता, कणही ठेवला नव्हता. "नाही," तो म्हणाला.

नणंदेने हात लांब करून बशी अर्धी फिरवली. अंडं उगवलं.

"हे आत्ता आणलंत."

"हो तर," नणंद म्हणाली. "कोंबडी आत्ताच येऊन गेली. घाईत होती."

तो हसला. विनोद त्याला कळायचे. नावं आठवायची, जुनी भांडणं तर तारीखवार आठवायची. डोक्याच्या उजव्या बाजूला रक्त अडलं तेव्हा त्याची जीभ शाबूत राहिली होती. डावा हात थोडा ढिला झाला होता, पण तेही मोठं नव्हतं. मोठं हे होतं की त्याच्या जगाची डावी बाजू गेली होती. अंधारली नव्हती, अंधार असता तर त्याने दिवा लावायला सांगितला असता. ती बाजू नव्हतीच, आणि कधी होती याची त्याला आठवणही नव्हती. दाढी करायचा ती उजव्या गालाची. घड्याळ बघायचा ते सहापर्यंतचं. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटला, की चौकटीकडे नाही, सोबतच्या माणसाकडे रागाने बघायचा. ते उजवीकडे असलं तर.

फिजिओ आठवड्यातून दोनदा यायचा. कोवळा मुलगा, पण कामात पक्का. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काकू, तुम्ही काकांच्या डावीकडे बसायचं. डावीकडून बोलायचं. उजवीकडून बोललात तर ते वळतील कशाला? थोडं अवघड जाईल."

अवघड म्हणजे असं. ती रोज सकाळी त्याच्या डाव्या हाताला खिडकीपाशी खुर्ची ठेवून बसायची. "चहा गरम आहे," म्हणायची. तो उजवीकडच्या कपाटाकडे वळून म्हणायचा, "ठेव." ती म्हणायची, "मी इथं आहे." तो कपाटाला म्हणायचा, "अगं मग ये की आत." ती त्याच्या बाहीला लागेल इतकी जवळ असायची.

उजवीकडे येऊन बसलं की सगळं सोपं होतं. तो बघायचा, हसायचा, केस पांढरे झाले म्हणून चिडवायचा. त्यामुळे नकळत तिची खुर्ची सरकायची. फिजिओ आला की आधी जमिनीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे बघायचा.

"काकू, पुन्हा?"

"चुकून."

"चुकून रोज?"


कॅमेरा : बंद

नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे नाहीत, समारंभाचे नाहीत, फक्त चेहरे. ओळखपत्राचे, परवान्याचे, परीक्षेच्या अर्जावरचे. पांढरा पडदा, एक तिकाटणं, एक फिरतं स्टूल. गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे त्याच्या हाताखालून गेले होते. नावं माहीत नसायची. रस्त्यात कुणी हात केला की तो म्हणायचा, "तोंडओळख आहे. डावा कान जरा मोठा."

नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा म्हणून ती त्या स्टुलावर पहिल्यांदा बसली, तेव्हा तो म्हणाला होता, "हनुवटी खाली. खांदे सैल. मान जरा डावीकडे." आणि म्हणता म्हणता त्याने स्वतःची मान वळवली होती. ती त्याच्या मानेकडे बघून आपोआप बरोबर वळली. पुढे तिने विचारलं, तुम्ही का वळता? तो म्हणाला, "शब्दावर माणसं चुकतात. मानेवर चुकत नाहीत."

अर्ज मंजूर झाला. नोकरी लागली. फोटोवालाही गळ्यात पडला.


कॅमेरा : वरून, तीच खोली

सरळ सांगायचं तर अडचण अशी होती. दिवसा नवऱ्याजवळ नणंद थांबायची. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि महिनाअखेर तिला जावं लागणार होतं. त्याआधी फिजिओ एक चाचणी घेणार होता. नवरा आपण होऊन डावीकडे बघायला लागला, थोडा जरी, तर त्याला दिवसा घरी एकटं ठेवता येणार होतं. नाहीतर नाही. शेगडी डावीकडे होती, जिनाही डावीकडेच उतरत होता. बाहेरची माणसं ठेवून बघितली होती. नवऱ्याने दोघांना घालवून दिलं. "घरात परकी माणसं उजवीकडून घुसतात," अशी त्याची तक्रार होती.

म्हणजे तो वळला तर तिची नोकरी राहणार. नाही वळला तर ती घरी बसणार, आणि आकड्यांचा चंद्र दुसरं कुणीतरी चालवणार.

त्या दिवशी सकाळचं काम मेलं नाही. ती डबा उघडून बसली होती, एक डोळा पडद्यावर. लाखो वर्षं एका दुपारीत मावतील असा वेग ठेवला होता. तीळ आता फार सावकाश फिरत होता. समोर आला. कडेला गेला. पलीकडे गेला. बराच वेळ आलाच नाही. मग आला, दमल्यासारखा. समोरून जाताना रेंगाळला. कडेला गेला. आता पलीकडे जाणार.

गेला नाही.

अगदी काठावर, नुसती लाल रेघ दिसावी इतका उरला, आणि थांबला. तिने घास तसाच धरला. यंत्र घुमत होतं. लाल रेघेचा पुन्हा ठिपका झाला. तीळ परत फिरला. ज्या बाजूने जात होता त्याच बाजूने मागे आला, समोरून गेला, दुसऱ्या काठापर्यंत गेला, आणि तिथूनही परतला.

"सर," ती म्हणाली. मोठ्याने नाही. तरी सर आले. धूमकेतूही त्या दिवशी उगवली होती, तीही आली. तिघं उभी राहिली.

तीळ झुलत होता. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान. पाळणा हलवणाऱ्याने हात काढून घेतल्यावर जसा तो आपोआप निवत जातो तसा. चंद्राने ग्रहाकडे पाठ केली ती मघाशीच, शेवटची. आता काहीही झालं तरी तो पाठ करणार नव्हता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फाईलमध्ये कुठे 'कुलूप लाव' अशी ओळ नव्हती. ओढ होती, थोडं नमणं होतं, घासणं होतं. बाकी सगळं आपसूक झालं होतं.

"लागलं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, जणू डाग तिथे होता.

"मला वाटलं होतं खट्कन थांबेल," धूमकेतू म्हणाली.

"खट्कन काही थांबत नाही," ती म्हणाली. तिचा घास अजून हातातच होता.


कॅमेरा : खुर्चीभोवती

"म्हणजे चंद्र फिरायचा थांबला," नणंद म्हणाली.

"थांबला नाही, वन्सं. फिरतो."

"एकच बाजू दाखवतो म्हणालीस ना? मग फिरतो कसा? वहिनी, तुझं यंत्र तरी बिघडलंय नाहीतर माझं डोकं तरी."

"उठा. यांच्याभोवती एक चक्कर मारा. तोंड यांच्याकडेच ठेवायचं. पाठ दाखवायची नाही."

"दादाला पाठ दाखवता आली असती तर इथं अडकले असते होय," म्हणत नणंद उठली.

नवरा खोलीच्या मध्यावर खुर्चीत बसला होता. "काय चाललंय?"

"तू ग्रह आहेस," नणंद म्हणाली. "गप बस."

ती त्याच्याकडे तोंड करून, आडवी पावलं टाकत निघाली.

"यांच्या मागं काय दिसतंय?" वहिनीने विचारलं.

"दार."

"चला. आता?"

"आता कपाट. थांब, मी..." नणंद दादाच्या डावीकडे पोचली होती.

"गेली का ही?" नवरा म्हणाला.

"इथंच आहे रे."

त्याने मान वळवली, उजवीकडे. "बाहेरून बोलतेयस का? दार लावून घे."

नणंदेचे पाय थांबले. वहिनीने नुसती मान हलवली, चला. ती पुढे सरकली. त्याच्या पाठीमागून गेली. दादाच्या टकलाच्या वर आता समोरचं घड्याळ होतं. मग त्याच्या उजव्या खांद्यापाशी आली, आणि दादाच्या मागे खिडकी आली.

"अरे," नवऱ्याचा चेहरा उजळला. "आलीस? कधी आलीस?"

 नणंद पुन्हा दादाच्या समोर, दार दिसेल अशी येऊन उभी राहिली.

"दार, कपाट, घड्याळ, खिडकी," ती सावकाश म्हणाली. "चारी भिंती बघितल्या. म्हणजे मी फिरले."

"पूर्ण."

"आणि याला वाटतं, ही एक बाजू धरून बसली आहे." ती थोडा वेळ वहिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अजून एक चक्कर मारते."

दुसऱ्या चकरेलाही तो तितक्याच आनंदाने म्हणाला, "आलीस?" तिसऱ्यालाही. पाहुणा दारात आल्यासारखा.


कॅमेरा : टेबलावरून, खाली कागद

कागदभर पसरलेल्या छोट्या छोट्या रेघा. फिजिओने पेन दिलं. "काका, प्रत्येक रेघेवर काट मारायची. एकही सोडायची नाही."

नवऱ्याने मन लावून काट मारली. उजव्या काठापासून मध्यापर्यंत एकही सोडली नाही. मग पेनाला टोपण घातलं. "झालं."

"सगळ्या?"

"मोजून घे."

"काका, डावीकडे बघा जरा."

मान उजवीकडे गेली.

"डावीकडे."

मान आणखी उजवीकडे गेली. डावीकडच्या खुर्चीत बसलेल्या बायकोचा श्वास फक्त फिजिओने ऐकला.

"मला काय धाड भरलीय?" नवरा कपाटाला म्हणाला. "ही पोरं घरी येतात, रेघा काढायला लावतात. माझ्या स्टुडिओत रांग लागली असेल."

जिन्यापर्यंत ती फिजिओला सोडायला गेली. त्याने बूट घालायला जास्तच वेळ लावला.

"प्रयत्न चालू ठेवू, काकू. पण एकटं नाही ठेवता येणार."

"हो."

"तुमची खुर्ची यावेळी हलली नव्हती. बघितलं मी."

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडत असल्याचं सरांना सांगितलं. सर म्हणाले, रजा घ्या, लांबवू आपण. ती म्हणाली, "सर, रजेला शेवट असतो."  सर खिडकी उघडायला गेले आणि ती उघडीच होती.


कॅमेरा : ग्रहावरून

शेवटच्या आठवड्यात फक्त डुलणं उरलं होतं.

झोके निवले तरी तीळ अगदी स्थिर होत नव्हता. किंचित इकडे, किंचित तिकडे. ती चूक नव्हती. चंद्राची वाट गोल नव्हती, लांबुळकी होती. ग्रहाजवळ आला की तो वाटेवर घाई करायचा, लांब गेला की रेंगाळायचा. गिरकीचा वेग मात्र एकसारखा. त्यामुळे दोन्हींचा मेळ थोडा चुकायचा आणि तो ग्रहाला गालाची कड जरा जास्त दाखवायचा. आधी एकीकडची, मग दुसरीकडची. कुलूप लागलं तरी दार जरा हलतंच, असं धूमकेतू म्हणाली. सरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं आणि खाली आपली सही केली.

त्यांना या डुलण्याचं चित्र हवं होतं. एक आलेख धूमकेतूने काढला, चलचित्र तिने केलं. आणि दोघींचं जुळेना.

"माझ्या आलेखात आधी डावीकडे जातो," धूमकेतू म्हणाली. "तुमच्यात आधी उजवीकडे. मॅडम, चूक माझीच असणार, पण कुठंय?"

दोघींनी आकडे तपासले. चिन्हं तपासली. अधिक ते अधिक, उणे ते उणे. चूक सापडेना. शेवटी धूमकेतूने खुर्ची फिरवून तिच्याकडे तोंड केलं.

"एक वेडगळ प्रश्न. डावं म्हणजे कुणाचं डावं?"

"म्हणजे?"

"मी चंद्रावर उभी राहून हिशोब केलाय. ग्रहाकडे बघत. माझं डावं." तिने हात वर केला. "तुम्ही ग्रहावरून बघताय."

ती समोर बसलेल्या मुलीच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. तो तिच्या उजवीकडे होता.

"कुणाचं डावं," ती म्हणाली.

"दोघींचं बरोबर आहे," धूमकेतू म्हणाली. "आपण फक्त समोरासमोर बसलोय."

तिला स्टुडिओतलं ते स्टूल आठवलं. हनुवटी खाली, खांदे सैल, मान जरा डावीकडे. आणि हे सांगताना नवऱ्याची मान कुठे जायची? समोरच्याचं डावं ते त्याचं उजवं. जन्मभर, दर माणसाला, दर चेहऱ्याला. तोंडाने डावीकडे म्हणायचं आणि मानेने उजवीकडे जायचं. फिजिओ म्हणत होता, डावीकडे बघा. मान उजवीकडे गेली. अजून डावीकडे. अजून उजवीकडे. ते आजाराचं होतं, याची तिला शंका नव्हती. पण सगळंच आजाराचं होतं का? थोडं धंद्याचं असेल तर?

"मॅडम? कुणाचं लिहायचं चित्राखाली?"

"दोन्ही लिही," ती म्हणाली. "आणि कॅमेरा चंद्रावर ने. मला तिथून बघायचंय."


कॅमेरा : चंद्रावर, काठाशी

तिथून असं दिसत होतं.

काळं आकाश. तारे एका बाजूने उगवत होते, दुसऱ्या बाजूला मावळत होते. आकाशातलं सगळं सरकत होतं. फक्त ग्रह सरकत नव्हता. चंद्राच्या मध्यावर उभं राहिलं तर तो डोक्यावर टांगलेला, कायमचा. पाठीवर उभं राहिलं तर तो नाहीच. तिथे जन्मलेल्याला तो आहे हे कधी कळणारही नाही. आणि या दोन्हींच्या मधे, जिथे गालाची कड संपते तिथे तिने कॅमेरा ठेवला होता.

आधी नुसतं क्षितिज. खडबडीत, काळं. मग त्या रेघेवर उजेडाची एक कड आली. ग्रह वर येऊ लागला. जागचा न हलणारा ग्रह उगवायला नको, पण चंद्राच्या त्या डुलण्यामुळे तो उगवत होता. अर्धाही वर आला नाही. थांबला, डोकावल्यासारखा. मग मावळला, जिथून आला तिथेच.

थोड्या वेळाने पुन्हा.

"हे मी इतकी वर्षं शिकवतोय," सर मागून म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "फळ्यावर. पाहिलं नव्हतं."

तो तिचा शेवटचा दिवस होता. दुपारीच तिने यंत्राच्या खोलीची किल्ली धूमकेतूच्या हातात दिली. "काम मेलं तर घाबरायचं नाही. जिथं मेलं तिथून उचलायचं. पहिल्यापासून नाही."

"तुम्ही येत जा ना अधूनमधून."

"धूमकेतू तू आहेस," ती म्हणाली. "मी कुठली."


कॅमेरा : नाही

नणंद सकाळच्या गाडीने गेली होती. शेजारची बाई तेवढ्यापुरती बसली होती, ती उठून गेली. घर शांत झालं.

नवरा खोलीच्या मध्यावर खुर्चीत होता. त्याच्या डावीकडे, खिडकीपाशी, तिची खुर्ची. आता तिथे बसायचं कारण नव्हतं. चाचणी झाली होती. उजवीकडे बसलं तरी कुणी ओरखडे बघणार नव्हतं.

तिने आतून उंच स्टूल आणलं आणि त्याच्या अगदी समोर ठेवून बसली.

"फोटो काढायचाय," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"उगाच."

"उगाच कुणी एकट्या चेहऱ्याचा फोटो काढत नाही. परवाना? अर्ज?"

"नोकरी सोडली आज."

"मग तर अजिबात लागत नाही." पण तो खुर्चीत सावरून बसला होता. कमरेतून ताठ. उजवा हात वर आला, अंगठा आणि बोट यांच्यात एक चौकट झाली. त्याचा एक डोळा बारीक झाला. किती दिवसांनी तो तिच्याकडे असा बघत होता, कामाचं बघणं. "हनुवटी खाली."

तिने हनुवटी खाली घेतली.

"खांदे सैल."

तिने खांदे सोडले. आणि मान डावीकडे वळवली, आपल्या डावीकडे. जास्तच. कुठल्याही फोटोवाल्याला खपणार नाही इतकी.

"एवढी नाही गं," तो म्हणाला. "उजवीकडे आण जरा."

आणि म्हणता म्हणता त्याची स्वतःची मान निघाली. समोरच्याच्या उजवीकडे. आपल्या डावीकडे. अगदी थोडी.  तिने मान हलवली नाही.

"उजवीकडे म्हटलं."

त्याची मान आणखी थोडी सरकली. नाक आता मधल्या रेघेवर होतं, तिथे ते कित्येक आठवडे आलं नव्हतं.

"अजून."

ती दगडासारखी बसली.

"ताठा सोड की जरा," तो वैतागून म्हणाला. "अशी. अशी बघ. माझ्याकडे बघ." आणि नीट दाखवण्यासाठी त्याने मान पुरती वळवली. रेघ ओलांडून. काठापर्यंत.

तिथे तो थांबला. चौकट धरलेला हात तसाच हवेत होता. त्याचे डोळे कशावर तरी टेकले होते.

"ती खुर्ची," तो म्हणाला. "तिथं कोण बसतं?"

"मी," ती म्हणाली.

तो बघत राहिला. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दुपारचं ऊन पडलं होतं. बसून बसून गादीला मधे खळगा झाला होता, त्यातही ऊन होतं.

"उजेड चांगला आहे तिथं," तो म्हणाला.

मग त्याची मान हळूहळू परत आली. रेघेवर आली, रेघ ओलांडून उजवीकडे गेली, आपल्या जागी बसली. खुर्ची मावळली होती. त्याने पुन्हा डोळा बारीक केला आणि चौकटीतून तिच्याकडे पाहिलं.

"हं. उजवीकडे आण जरा," तो म्हणाला.

ती हलली नाही.